बावला प्रकरण : एक स्त्री, एक गादी आणि लोकांचें कुतूहल

१९२५ सालीं मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीनें ‘कुलीन कांता’ नांवाचा एक मूकपट काढला. दिग्दर्शक होते होमी मास्तर. पडद्यावर राजा दिसला कीं तो पुराणांतला असावयाचा, अशी त्या काळच्या प्रेक्षकांची बहुधा समजूत असे. ‘कुलीन कांता’ पाहावयास गेलेल्या मंडळींची मात्र तशी समजूत नव्हती. पडद्यावर कोणतेंहि नांव असो, ही कथा कोणत्या संस्थानांतली, कोणत्या महाराजांची आणि कोणत्या स्त्रीची, हें तिकिटाचे चार आणे मोजणाऱ्यासहि ठाऊक होतें. त्याच वर्षाच्या आरंभीं मुंबईच्या मलबार टेकडीवर एक खून झाला होता, आणि त्यानंतर कित्येक महिने शहराला दुसरा विषय सुचत नव्हता. एका स्त्रीचें दुःख बातमी कसें झालें, बातमीचा तमाशा कसा झाला, आणि त्या गलबल्यांत एका राजाची गादी कशी गेली, हा इतिहास त्या मूकपटाच्या मागें उभा आहे.

प्रथम त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढें आणली पाहिजे. १९२१ च्या खानेसुमारीप्रमाणें शहराची वस्ती सुमारें ११ लाख ७५ हजार होती. मोटार ही अजून धनिकांचीच चैन होती. वर्तमानपत्र मात्र गरिबाच्या चाळींतहि जाऊं लागलें होतें; एकानें विकत घ्यावें आणि दहांनीं वाचावें, अशी रीत होती. इंग्रजींत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ व ‘बॉम्बे क्रॉनिकल’, गुजरातींत जुनें ‘मुंबई समाचार’, आणि मराठींत १९२३ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं सुरू केलेला ‘नवाकाळ’, अशीं नाना रुचींचीं दैनिकें निघत होतीं. त्यापूर्वीं १९१५ सालीं अच्युत बळवंत कोल्हटकर यांनीं ‘संदेश’ काढून मराठी वाचकाला चुरचुरीत, चटकदार बातमीची गोडी लावली होती. अग्रलेखाचा वाचक थोडा, बातमीचा वाचक फार, हें संपादकांना एव्हांना कळून चुकलें होतें.

दुसरीकडे इंदूर. मराठी माणसाला इंदूर कधींच परकें नव्हतें. मल्हाररावांनीं स्थापिलेली आणि अहिल्याबाईंनीं पुनीत केलेली ती गादी. १८१८ च्या मंदसोरच्या तहानें तिचें स्वातंत्र्य गेलें, तरी तिचा मान मराठी मनांत कमी झाला नव्हता. १९०३ सालीं शिवाजीराव होळकरांनीं गादी सोडली आणि त्यांचे अल्पवयी चिरंजीव तुकोजीराव (तिसरे) गादीवर आले. १९११ मध्यें त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. अशा घराण्याचें नांव खुनाच्या खटल्यांत ऐकूं येऊं लागलें, तेव्हां मराठी घरांतून जें कुतूहल उठलें त्यांत लाजेचाहि अंश होता.

या दोन जगांना जोडणारी व्यक्ति म्हणजे मुमताज बेगम. ती नाचगाण्याच्या घराण्यांतली. इंदूर दरबारांत तिचें स्थान काय होतें, यासाठीं मराठींत एक सभ्य समजला जाणारा शब्द आहे : ‘अंगवस्त्र’. त्या शब्दांतच सारी व्यवस्था सांगून टाकलेली आहे. वस्त्र अंगावर घेतां येतें, बाजूला ठेवतां येतें. पण वस्त्र आपल्या पायांनीं उठून निघून जातें, असें कोणी ऐकलेलें नसतें. मुमताज उठून निघून गेली. पुढें जें घडलें त्या सर्वांचें मूळ या एका गोष्टींत आहे.

तिनें पुढें न्यायालयांत जें सांगितलें त्याचा आशय असा होता : इंदुरांत तिच्यावर सतत पाळत असे, तिला कोणाला मोकळेपणीं भेटतां येत नसे, तिला तेथें एक मुलगी झाली, परंतु ती मुलगी दायांनीं मारून टाकली, असें तिचें म्हणणें होतें, आणि त्यानंतर तेथें राहण्याची तिची इच्छा उरली नाहीं. मसुरीकडे नेलें जात असतां दिल्लीच्या स्टेशनवर ती गाडींतून उतरली आणि पुढें जाण्याचें तिनें साफ नाकारलें. तेथून ती आपल्या आईच्या गांवीं, अमृतसरला गेली. पाळत तेथेंहि सुटली नाहीं. परत यावें म्हणून विनवण्या झाल्या. तिनें ऐकलें नाहीं. अखेर ती मुंबईस आली आणि अब्दुल कादर बावला या तरुण, श्रीमंत व्यापाऱ्याच्या आश्रयास राहिली. तिला ठेवूं नका, नाहीं तर परिणाम वाईट होईल, अशा धमक्या बावला यांना आल्या; त्यांनीं त्या मनावर घेतल्या नाहींत.

ता. १२ जानेवारी १९२५ रोजीं संध्याकाळीं बावला, मुमताज आणि आणखी तिघे मोटारींतून मलबार टेकडीवर फिरावयास निघाले होते. मागून दुसरी मोटार आली व तिनें वाट अडविली. त्या मोटारींतून उतरलेल्या माणसांनीं यांच्या गाडीला गराडा घातला. बाईला खालीं उतरवा, असा त्यांचा एकच धोशा चालला होता, असें मुमताजनें पुढें साक्षींत सांगितलें. बावला यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. तिला ओढून नेण्याचा बेत पुरा व्हावयास कांहीं क्षणच उरले असतील, तोंच एक अकल्पित गोष्ट घडली. गोल्फचा खेळ आटोपून परतणारे कांहीं इंग्रज लष्करी अधिकारी त्याच रस्त्यानें आले. प्रकार काय आहे हें कळण्यापूर्वींच ते मधें पडले. त्यांच्यापैकीं लेफ्टनंट सेगर्ट यांनीं हातांतल्या गोल्फच्या काठीनेंच हल्लेखोरांना तोंड दिलें आणि ते स्वतः जखमी झाले. हल्लेखोरांपैकीं शफी अहमद नांवाचा इसम जागच्या जागीं पकडला गेला. बावला यांचा कांहीं तासांतच अंत झाला. मुमताज वांचली.

ती मोटार त्या क्षणीं त्या रस्त्यानें आली नसती, तर हें प्रकरण एवढें गाजलें असतें काय, हा विचार इतिहासाच्या अभ्यासकास सोडवत नाहीं. एक व्यापारी मारला गेला आणि एक स्त्री नाहींशी झाली, अशी चार ओळींची बातमी आली असती. साक्षीदार उरला नसता, आरोपीहि सांपडला नसता. परंतु येथें साक्षीस सरकारी लष्करांतले गोरे अधिकारी होते आणि जिच्यासाठीं सारें घडलें ती स्त्री जिवंत होती. त्यामुळें तपास दडपणें कोणालाच शक्य राहिलें नाहीं. पोलीस कमिशनर केली यांच्या हाताखालीं तपास सुरू झाला आणि धागे थेट इंदुरापर्यंत गेले. शफी अहमद हा स्वतः इंदूरच्या घोडेस्वार पोलिसांतला. पुढें इंदूर लष्करांतले एक बडे अधिकारी, सरदार आनंदराव फणसे, हेहि आरोपींत आले. एकंदर नऊ आरोपींवर मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति क्रंप यांच्यासमोर, ज्यूरीच्या साहाय्यानें, एप्रिल व मे १९२५ मध्यें खटला चालला. फणसे यांच्या बाजूनें महंमद अली जिना उभे राहिले होते.

या खटल्यानें लोकांना इतकें वेड कां लावलें, याचें कारण केवळ खुनांत शोधून चालणार नाहीं. खून मुंबईला नवा नव्हता. येथें एकाच कथेंत राजा होता, नर्तकी होती, लक्षाधीश होता, रात्रीचा पाठलाग होता, पिस्तूल होतें आणि ऐन वेळीं धांवून येणारे शिपाईगडी होते. नाटककारानें योजिलें असतें तर प्रेक्षकांनीं अतिशयोक्ति म्हणून हंसावें, असा हा योग. परंतु याहून महत्त्वाचें एक कारण होतें, आणि तें कायद्याच्या पुस्तकांत आहे.

१९२२ सालीं हिंदुस्थान सरकारनें संस्थानिकांच्या संरक्षणाचा एक कायदा केला होता. संस्थानिकाविषयीं द्वेष किंवा तुच्छता उत्पन्न करणारा मजकूर ब्रिटिश हिंदुस्थानांत कोणीं छापला, तर त्याला पांच वर्षेंपर्यंत कैद होऊं शके. मध्यवर्ती कायदेमंडळानें हें बिल मांडूं देण्यासहि नकार दिला होता. तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारांत तें मंजूर केलें. त्यामुळें कोणत्याहि संस्थानाच्या अंतःपुरांत काय चालतें, हें ठाऊक असूनहि लिहितांना संपादकाचा हात अडखळे. हायकोर्टांत शपथेवर झालेली जबानी छापण्यास मात्र अडकाठी नव्हती. एरवीं जें एका ओळींत सुचविणें धोक्याचें, तें साक्षीदाराच्या तोंडून आलें कीं स्तंभच्या स्तंभ छापतां येई. अनेक वर्षें बंद असलेल्या दाराला न्यायालयानें एक फट पाडली, आणि त्या फटींतून सारें शहर आंत डोकावूं लागलें. वर्तमानपत्रांची ती झुंबड निव्वळ हलकटपणाची नव्हती. त्यांत दडपलेल्या सत्याची भूकहि होती. दोन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाच मथळ्याखालीं नांदत होत्या, म्हणूनच त्यांना वेगळें करणें कठीण जातें.

या झुंबडींत मुमताजचें काय झालें? ती साक्षीदार होती. परंतु लोकांना ती देखावा वाटली. तिच्या जबानीपेक्षां तिच्या चेहऱ्यावरच्या जखमांची चर्चा अधिक. ती किती सुंदर, तिच्यापायीं कोण किती वेडा झाला, यावर गप्पा रंगल्या. कित्येकांच्या बोलण्यांत ती ‘पळालेली बाई’ झाली. पळणें हा शब्द कोणासाठीं वापरतात? ज्यानें गुन्हा केला आणि जो कायद्याच्या हातून निसटला, त्याच्यासाठीं. मुमताजवर कोणत्याहि न्यायालयांत कोणताहि आरोप नव्हता. तिनें एक घर सोडलें होतें, एवढाच काय तो तिचा अपराध. खटल्याच्या वेळीं ती अवघी बावीस वर्षांची होती, आणि महाराजांशीं तिचा संबंध दहा वर्षांचा होता, हें खुद्द न्यायालयांत बोललें गेलें. ही वजाबाकी शाळेंतल्या पोरालाहि येईल. तिचें जें उत्तर येतें, तें या साऱ्या प्रकरणांतली सर्वांत दुःखद गोष्ट होय. ज्या वयांत मुलीच्या हातीं पाटी असावी, त्या वयांत ती दरबाराची वस्तु झाली होती.

मे महिन्यांत निकाल लागला. तिघांना फांशीची शिक्षा झाली. इतर कांहींना जन्मठेप काळें पाणी. फणसे यांची मान जिनांच्या वकिलीनें फांशीच्या दोरापासून वांचली, परंतु जन्मठेप चुकली नाहीं. न्यायमूर्ति क्रंप यांनीं निकालाच्या प्रसंगीं असा अभिप्राय दिला कीं, या माणसांच्या मागें दुसरे कोणी आहेत, परंतु ते नेमके कोण हें सांगण्याइतका पुरावा न्यायालयापुढें नाहीं. मात्र ज्या स्त्रीला पळविण्याचा प्रयत्न झाला तिचा पूर्वसंबंध पाहतां, हल्ल्याचें मूळ इंदूरकडे शोधणें गैरवाजवी नव्हे. न्यायाधीशाची भाषा अशी मोजूनमापून असते. रस्त्यावरच्या भाषेला माप नसतें. न्यायालयानें मोकळी सोडलेली जागा लोकांनीं आपल्या मनानें भरून टाकली.

चित्रपट उभा राहिला तो या मोकळ्या जागेवर. कोहिनूर कंपनीचे चालक द्वारकादास संपत यांना हा मार्ग नवा नव्हता. १९२१ सालीं याच कंपनीनें ‘भक्त विदुर’ हा पौराणिक मूकपट काढला. त्यांतील विदुराचा वेष प्रेक्षकांना गांधींची आठवण देणारा होता, आणि म्हणून कांहीं प्रांतांत त्यावर बंदी आली होती. आजची गोष्ट कालच्या वेषांत कशी सांगावी आणि नांव न घेतां नांव कसें सुचवावें, ही विद्या त्या कंपनीला अवगत होती. १९१८ च्या कायद्यानें चित्रपटांवर तपासणी आली होती आणि १९२० पासून मुंबईस तपासणी मंडळ काम करीत होतें. त्यामुळें खरीं नांवें घालणें अशक्यच होतें. परंतु वर्तमानपत्रांनीं काम आधींच करून ठेविलेलें होतें. प्रेक्षक थिएटरांत शिरतांना सारी नांवें बरोबर घेऊनच येत असे. पडद्यावर ओठ हालत, खालीं मजकूर उमटे, आणि उरलेलें प्रत्येकजण आपल्या मनांत वाचून घेई. बातमीनें जें पेरलें त्याचें पीक चित्रपटानें कापलें, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

‘कुलीन कांता’ म्हणजे घरंदाज स्त्री. हें नांव मोठें बोलकें आहे. ज्या स्त्रीमुळें ही कथा जन्मली ती समाजाच्या दृष्टीनें कुलीन नव्हती. गर्दी जमावयास मुमताजची कथा हवी, परंतु पाटीवर नांव मात्र घरंदाज स्त्रीचें हवें, अशी ही त्या काळची मनोवृत्ति. मूकपटांच्या जमान्यांतील बहुतेक चित्रपट आज नष्ट झालेले आहेत. परंतु एवढ्या एका नांवावरूनहि तो समाज पुरता ओळखतां येतो.

न्यायालयाचें काम संपलें, पण इंदूरच्या गादीचा प्रश्न राहिला. येथें थोडें मागें जाणें अवश्य आहे. १८७५ सालीं बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांस विष घातल्याचा आरोप आला. सहा जणांचें कमिशन बसलें. तीन युरोपियन व तीन हिंदी. युरोपियन सभासदांनीं आरोप शाबीत धरला, हिंदी सभासदांनीं धरला नाहीं. मतें समसमान पडलीं, तरी सरकारनें गैरकारभाराचें कारण दाखवून मल्हाररावांस पदच्युत केलेंच. कमिशनपुढें निर्दोष ठरणें आणि गादी राखणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा तेव्हांपासून प्रत्येक संस्थानिकाला पाठ होता. नाभ्याचे महाराज रिपुदमनसिंग यांनाहि १९२३ मध्यें गादी सोडावी लागली होती. तें उदाहरण तर अगदीं ताजें होतें.

अशा स्थितींत सरकारनें तुकोजीरावांपुढें दोन वाटा ठेविल्या : चौकशी-कमिशनला तोंड द्यावें, किंवा गादी सोडावी. कमिशनपुढें उभें राहणें त्यांनीं नाकारलें आणि फेब्रुवारी १९२६ मध्यें आपले चिरंजीव यशवंतराव यांच्याकरितां राज्यत्याग केला. पुढील चौकशी झाली नाहीं. त्यामुळें एक गोष्ट निःपक्षपातीपणें नमूद केली पाहिजे : बावला यांच्या खुनाशीं महाराजांचा संबंध कोणत्याहि न्यायालयांत शाबीत झालेला नाहीं, तो आरोप त्यांच्यावर कधीं ठेवलाहि गेला नाहीं. सार्वभौम सरकारला निर्दोष संस्थानिकापेक्षां नमलेला संस्थानिक अधिक सोयीचा असे, हेंहि विसरून चालत नाहीं. परंतु ज्यांच्या हातून गुन्हा घडला ते इंदूरचे नोकर होते, हेंहि तितकेंच खरें. नोकर फांशी जातो आणि हुकूम कोणाचा हा प्रश्न अनुत्तरित राहतो, हें इतिहासांत पहिल्यांदाच घडलें असें नाहीं.

राज्यत्यागानंतर दोनच वर्षांनीं त्याच महाराजांनीं पुन्हां वर्तमानपत्रांचे रकाने भरले. अमेरिकेंतील नॅन्सी मिलर हिनें नाशिक येथें शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्याकडून हिंदु धर्माची दीक्षा घेतली, शर्मिष्ठादेवी हें नांव धारण केलें, आणि मार्च १९२८ मध्यें बडवाह येथें तुकोजीरावांशीं तिचा विवाह झाला. ज्या कुतूहलानें मुमताजचा पाठलाग केला होता, तेंच आतां या विवाहमंडपापर्यंत गेलें. एक स्त्री आपल्या इच्छेनें आली, तेव्हां तिच्या आगमनाची बातमी जगभर झाली. दुसरी आपल्या इच्छेनें गेली, तेव्हां तिच्यामागें मोटार आणि पिस्तूल धांवलीं. या दोहोंमधलें अंतर कोणत्याहि अग्रलेखापेक्षां अधिक सांगून जातें.

पुढें यशवंतराव १९३० सालीं पूर्ण अधिकारी झाले. १९४८ मध्यें इंदूर संस्थान मध्यभारतांत विलीन झालें. तुकोजीराव १९७८ सालीं पॅरिस येथें निवर्तले. गादी, तह, रेसिडेंट, तोफांची सलामी, सारें इतिहासजमा झालें. खटल्यावर पुस्तकें निघालीं आणि निघत आहेत. मुमताजला मात्र खटल्याबरोबरच वर्तमानपत्रांनीं हळूहळू विसरून टाकलें. साक्षीदाराची जरूर संपली, आणि देखाव्याचीहि संपली.

या प्रकरणाचें श्रेय वांटावयास बसलें, तर प्रत्येकाला कांहीं ना कांहीं द्यावें लागेल. इंग्रज अधिकाऱ्यांनीं जीव धोक्यांत घालून एका अनोळखी स्त्रीला वांचविलें. मुंबई पोलिसांनीं तपास अर्धवट सोडला नाहीं. वर्तमानपत्रांनीं भडक मजकुराबरोबरच संस्थानांच्या बंद वाड्यांतलें सत्य चाळीचाळींतून पोंचविलें. तें पोंचलें नसतें, तर एवढ्या बलाढ्य माणसांपर्यंत कायद्याचा हात गेला असता कीं नाहीं, याची शंकाच आहे. परंतु या सर्वांच्या आधीं एक गोष्ट घडली होती. दिल्लीच्या स्टेशनवर एक तरुण स्त्री गाडींतून खालीं उतरली होती आणि ‘मी पुढें येणार नाहीं’ एवढेंच तिचें सांगणें होतें. त्या वेळीं तेथें कोणी बातमीदार नव्हता, छायाचित्रकार नव्हता, आणि तिच्या त्या नकाराची दखल घ्यावी असें कोणत्याहि संपादकाला वाटलें नसतें. तो नकार ऐकूं यावयास मलबार टेकडीवर रक्त सांडावें लागलें. बावला प्रकरणाचा विचार करतांना गादी कोणाची गेली याच्याइतकाच हाहि हिशेब मांडला गेला पाहिजे.